चारूला दिसलेली तबकडी

"चारू, तुन्ही मम्मीले इचार, ती बरफवाली दखी का?"

आबा ओट्यावरच्या खाटेवर, मी स्वयंपाकघराच्या दारात आणि मध्ये अंगणात चारू. आबांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आलेला असतो. तरी चारू पळत माझ्याकडे येते, धापा टाकत तेच वाक्य मला पुन्हा सांगते आणि उत्तरासाठी तोंडाकडे बघत उभी राहते.

आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. कळसाडीतल्या आमच्या गुजर घरांमधून डोक्यावरचा पदर कधीच उतरला, सुना स्कूटी घेऊन शहाद्याला जातात, मी स्वतः बी.एस्सी. फिजिक्स आहे, पण हे एवढं राहून गेलंय. चारू बोलायला लागायच्या आधी आमचे निरोप सासूबाईंमार्फत जायचे. त्यात त्यांचा मीठ-मसाला पडायचा. "भाजी खारट झाली का विचारा" हे मी म्हटलं, की पलीकडे "ती सांगस, तुमले चवच कळत नही" असं पोचायचं. चारू मात्र अक्षरही बदलत नाही. ती बोलायला लागली आणि घराला खरं टपाल मिळालं.

आणि या टपालातून सगळ्यात जास्त काय गेलं असेल, तर उडत्या तबकड्या.

आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बन्सीलाल त्यांचं नाव, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं केळीच्या शेतात जाणं बंद झालं. दिवसभर खाटेवर बसून ते चिडायला लागले. तेव्हा त्यांचा धानोऱ्याचा पुतण्या योगेंद्र आला आणि त्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. योगेंद्रचं स्वतःचं यूट्यूब चॅनल आहे. केळीचे भाव, बैलांची शर्यत, कुणाच्या विहिरीत अजगर, असं काहीही त्यावर असतं. त्याने आबांना परग्रहावरच्या पाहुण्यांची एक डॉक्युमेंटरी लावून दिली, हिंदीत डब केलेली. आबांनी ती संपवली आणि विचारलं, "अजून शेतस का?"

होत्या. भरपूर होत्या. नावं लांबलचक, म्हणून आम्ही त्यांना घरची नावं ठेवली. बर्फात विमान चालवणाऱ्या पायलटची ती बरफवाली. वाळवंटातल्या गावात म्हातारे खुर्च्या टाकून आठवणी सांगतात, ती म्हाताऱ्यांवाली. कोळ्यांच्या बोटीवरून काढलेल्या उजेडाची ती मच्छीवाली. आबा बघायचे आणि मला शिफारस करायचे. मी दुपारी चारू झोपली की बघायचे आणि संध्याकाळी चहाच्या वेळी माझं मत जायचं.

"आबांना सांग, बघितली. पायलट खरा वाटतो. पण तो तोंड उघडायच्या आधीच वाजंत्री सुरू होते. खरं सांगणाऱ्या माणसाला वाजंत्री कशाला लागते?"

चारू पळाली. "आबा, मम्मी सांगस, पायलटले वाजंत्री कशाले?"

आबा हसले. "तिले सांग, लगीनमां नवरदेव खराच ऱ्हास, तरी वाजंत्री ऱ्हास ना!"

सासूबाई, जसोदाबाई, गहू पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमन्या लगीनमां वाजंत्री नव्हती तेच बरं व्हतं."

असं चालायचं. मला त्यात मजा वाटायची हे खरं. कॉलेज सुटल्यापासून माझं मत कुणी असं रोज मागितलं नव्हतं. मी एकदा माझ्याकडून शिफारस पाठवली: हवामान खात्यातला एक निवृत्त माणूस गावोगाव जाऊन लोकांना दिसलेल्या उजेडांचा छडा लावतो. कंटाळवाणी, पण प्रामाणिक. आबांनी ती पूर्ण बघितली आणि निरोप पाठवला, "तिन्हामां काहीच दिसस नही." मी म्हटलं, म्हणूनच चांगली आहे.

मच्छीवालीवर मात्र आमचं वाजलं. त्यात एक गोल उजेड बोटीचा पाठलाग करतो. कॅमेरा समुद्राकडे फिरला की उजेड समुद्रावर, किनाऱ्याकडे फिरला की किनाऱ्यावर. आबा म्हणाले, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? बोट जाईल तिथे तो जातोय. मी माझ्या कपाळाची टिकली काढून चारूच्या बोटावर दिली आणि म्हटलं, "आबांच्या चष्म्याच्या काचेवर लाव. आणि सांग, आता सगळीकडे बघा."

चारूने टिकली लावली. आबांनी मान फिरवली. आधी केळीकडे, मग गोठ्याकडे, मग सासूबाईंकडे.

"अरे! केळीवर बी तबकडी, गोठावर बी तबकडी. अन् हाई दख, तुन्ही मोठी मायना डोकावर बी उतरनी!"

चारू हसून हसून खाली बसली. मी तिच्याच तोंडी निरोप दिला: "नजर जाईल तिथे जी वस्तू जाते, ती आकाशात नसते. ती काचेवर असते." आबांनी टिकली काढली, चारूच्या कपाळाला लावली आणि हार मानली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी भांडी लावत असताना चारू मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मम्मी, माले बी तबकडी दिसस."

मी हसले. टिकलीचा खेळ डोक्यात बसलाय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंगणातल्या खांबावरचा दिवा लागला की ती म्हणायची, "उनी. तबकडी उनी." म्हणजे आली. कधी म्हणायची, तबकडीला कडेला उजेड आहे. कधी म्हणायची, तबकडीचा उजेड टोचतो. आणि हे सगळं अहिराणीत.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथे. चारूशी मी मुद्दाम शाळेची मराठी बोलते. तीही माझ्याशी बहुतेक तीच बोलते. माझ्याकडे अहिराणी वाक्य घेऊन ती येते, तेव्हा ते वाक्य तिचं नसतं, आबांचं असतं. बोलायला लागल्यापासून हीच रीत. म्हणजे हेही आबांचं. मच्छीवालीवरची हार त्यांना पचलेली नाही; आता पोरीला पुढे करून मला चकवतायत.

मी निरोप पाठवला: "आबांना सांग, साक्षीदार पाच वर्षांचा चालत नाही."

आबांनी कपाळाला आठी घातली. "तिले सांग, मी काही सांगेल नही शे. पोर तिनं तीच सांगी ऱ्हायनी."

म्हणे पोर आपणहून सांगतेय. बघा, कसं साळसूदपणे! मला तर त्यांच्या मिशीत हसू दिसलं.

मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवणं माझ्या स्वभावातच आहे. चारू जन्मल्यापासून तर जास्तच. ती झोपेत श्वास घेते का हे मी अजूनही बघते, माझे मिस्टर ललित त्यावरून मला हसतात. तर मी बघायला लागले. चारू टीव्हीसमोर मान एका बाजूला कलती करून बसते. उन्हात गेली की एक डोळा मिटून घेते. उंबऱ्याला ठेच लागते. ओट्याच्या पायरीवरून उतरताना पाय आधी चाचपून टाकते. रोजचा लाईट लावला तरी "बंद कर" म्हणून रडते. यातलं काहीही माझ्या नजरेतून सुटलं नाही. आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ माझ्याकडे तयार होता. मान कलती कारण आबा तशी बसतात. डोळा मिटते कारण म्हाताऱ्यांवालीतला एक म्हातारा बोलताना तसा मिटतो. ठेच लागते कारण भीतीने हिचं लक्ष उडालंय. पोर घाबरट होतेय, नाहीतर खोटारडी होतेय. दोन्हीपैकी कोणतं वाईट ते मला ठरवता येईना.

दुपारी मी फिल्म बघायचं सोडलं आणि दाराआड उभी राहून ऐकायला लागले. आबा आणि चारू काय बोलतात? आबा तिला केळीचं कमळ, म्हणजे केळफूल, कसं मोडतात ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी बोरांची गोष्ट. तबकडीचा शब्द नाही. माझा संशय आणखी वाढला. मी उभी आहे हे त्यांना कळलं असणार.

सासूबाईंनी मला दाराआड पाहिलं. तशाच पुढे गेल्या आणि आतून ओरडल्या, "भिंतले कान फुटेल शेतस आपला घरमां!"

शेवटी मी चारूला मांडीवर घेतलं. तिचे केस विंचरत, अगदी गोड आवाजात विचारलं, "तबकडी दिसते असं म्हण, हे आबांनीच सांगितलं ना तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाव."

"खेळ म्हणून सांगितलं ना?"

"हाव."

झालं. माझा पुरावा मला मिळाला. मी पोरीला तशीच उचलून दारात उभी केली आणि आबांना ऐकू जाईल अशा आवाजात निरोप दिला: "आबांना सांग, मोठ्यांनी आपली वाक्यं पोरीच्या तोंडी घालू नयेत. ती खोटं शिकतेय."

चारू गेली. तिने निरोप अक्षर न बदलता सांगितला. आबांनी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि रिमोट खाटेखाली ठेवला.

त्यानंतर टपाल बंद पडलं. आबा खाटेवर बसून केळीकडे बघायचे. चहाचा कप चारू नेऊन द्यायची, रिकामा आणायची, सोबत एक शब्दही नाही. सासूबाई माझ्यादेखत भिंतीशी बोलायच्या: "घरमां इतली शांती कधी नव्हती. मसणवटीमां बी कोनी तरी रडस." मी ऐकून घेतलं. वाईट वाटत होतं, पण पोरीच्या बाबतीत मी मागे हटणार नव्हते.

अडचण एकच. टीव्ही बंद झाला, शिफारशी बंद झाल्या, पण तबकडी यायची थांबली नाही.

"मम्मी, उनी."

"चारू, आता पुरे."

ती तोंड फिरवून जायची. नंतर नंतर तिने मला सांगणंच सोडलं. दिवा लागला की नुसता एका डोळ्यावर हात धरायची. मी ते बघायचे आणि मनात म्हणायचे, नाटक.

आणि मग योगेंद्र उगवला. मोटरसायकलवर, पाठीला बॅग, बॅगेत कॅमेरा.

"वहिनी, ऐकलं ते खरं का? चारूला दिसतं म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"ललितदादाने. फोनवर सहज बोलला." त्याने कॅमेऱ्याचे पाय उघडायला सुरुवातही केली. "तापीकाठचं रहस्य. चिमुरडीने पाहिलेली तबकडी. वहिनी, लोक परदेशी बघून कंटाळले. आपल्या मातीतली पाहिजे."

मी ललितना फोन लावला. ते धुळ्याला ठिबकच्या कंपनीत आहेत, शनिवारी घरी येतात. म्हणाले, "घेऊ दे ना. दोन मिनिटांचं काम. पोर हुशार आहे, मस्त बोलेल."

मस्त बोलेल! मी नाही म्हणणार होते. शब्द ओठावर होता. पण तेवढ्यात दुसरा विचार आला, आणि तो काही चांगला नव्हता. मनात म्हटलं, घेऊ दे. कॅमेऱ्यासमोर कोणी पढवलं ते बरोबर उघडं पडतं. इतक्या फिल्म बघून एवढं तरी मला कळतं. एकदा ते रेकॉर्ड झालं की ललितनाही दाखवीन आणि सासूबाईंनाही.

"माझ्या दोन अटी," मी योगेंद्रला म्हटलं. "मी कॅमेऱ्यामागे उभी राहणार. आणि आबा तिच्या नजरेसमोर नकोत."

योगेंद्र ओशाळला. आबा खाटेवरच होते, सगळं ऐकत. काठी घेऊन उठले आणि तिच्या पाठीमागच्या बाजूला, गोठ्याच्या भिंतीशी जाऊन बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

दिवेलागणीची वेळ होती. मागे केळीची बाग, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या. योगेंद्रला ते दृश्य फार आवडलं. चारूला त्याने स्टुलावर बसवलं. खांबावरचा दिवा लागला. तिने डोळे बारीक केले.

"चारू, तुले आकाशमां तबकडी दिसनी ना?" त्याने सुरुवात केली.

"हाव."

"मोठी व्हती ना? गोल?"

"हाव."

"अन् तिन्हामां कोनी व्हतं का? हिरवं हिरवं?"

चारूने जरा विचार केला. "हाव."

मला राग आला. हे काय विचारणं झालं? प्रश्नातच उत्तर भरून दिलंय. पोर दुसरं काय म्हणणार? म्हाताऱ्यांवालीवर मी हाच आक्षेप घेतला होता: माणसाला बोलू देत नाहीत, त्याच्याकडून हो वदवून घेतात. मी योगेंद्रला तसं बोलणार, तोच मला माझं विचारणं आठवलं. केस विंचरत, गोड आवाजात. आबांनीच सांगितलं ना तुला? हाव. खेळ म्हणून ना? हाव.

तोच हाव. आवाजही तसाच.

"थांब योगेंद्र," मी म्हटलं. "असं विचारू नकोस. नुसतं विचार, कुठे आहे."

"बरं. चारू, तबकडी कोठे शे?"

तिने खांबावरच्या दिव्याकडे बोट केलं.

"आते?"

तिने नजर केळीकडे वळवली, बोटही तिकडे गेलं. "तठे."

"अन् आते?"

ती गोठ्याच्या भिंतीकडे वळली. "आठे. आबापाशी." मग वर बघितलं. "वर." मग माझ्याकडे. तिचं बोट सरळ माझ्या तोंडावर रोखलेलं होतं. "आते मम्मीवर."

"कडक!" योगेंद्र कॅमेऱ्याआडून कुजबुजला. "काय स्पीड आहे!"

गोठ्याच्या भिंतीशी काठी वाजली. आबा उठून उभे राहिले होते. ते चारूकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. आणि त्यांचा हात त्यांच्या चष्म्याच्या काचेवर होता, जिथे मी टिकली लावायला सांगितली होती तिथे.

मी स्टुलापाशी जाऊन बसले. चारूचा उजवा डोळा तळहाताने झाकला.

"काय दिसतं?"

"तबकडी."

"आणि?"

"काहीच नही. धुकं."

हात काढून डावा डोळा झाकला.

"आता काय दिसतं?"

"तू." मग म्हणाली, "तबकडी गई."

तिने हे किती वेळा सांगितलं होतं! तिच्या शब्दांत, तिच्या भाषेत, दिवा लागला की रोज. आणि मी त्यात आबांचा आवाज ऐकत होते.

"योगेंद्र, टॉर्च लाव." त्याने फोनचा उजेड बाजूने धरला. उजवी बाहुली काळीभोर. डावीच्या मध्यावर पांढुरकं काहीतरी, तांदळाची कणी ताकात पडावी तसं.

मी मान वर केली आणि मध्ये कोणाला न घेता म्हटलं, "आबा, चारूच्या डोळ्यात काहीतरी आहे."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. दारात उभ्या सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. वाक्यासाठी की डोळ्यासाठी, कोण जाणे.

"दखनं मी," आबा मलाच म्हणाले. "सकाळी नंदुरबारले जाऊत."

सकाळी योगेंद्रने गाडी चालवली. तो एरवी अखंड बोलतो, पण प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडेपर्यंत त्याने एक शब्द काढला नाही. मग म्हणाला, "वहिनी, तो व्हिडिओ मी डिलीट केला." मी म्हटलं, नको, ठेव, डॉक्टरांना दाखवू. तेव्हा तो आणखी कावराबावरा झाला आणि गाडी बाजूला घेऊन फोनमध्ये कुठून तरी तो परत शोधू लागला. म्हणजे खरंच डिलीट केला होता की नाही, मला माहीत नाही. सापडला मात्र पटकन.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी चारूच्या डोळ्यात औषध घातलं, थांबायला लावलं, यंत्रासमोर तिची हनुवटी टेकवली. मग म्हणाले, मोतीबिंदू.

"पोरले?" आबा म्हणाले. "मोतीबिंदू तर माले व्हयना व्हता. मी म्हातारा मानूस."

डॉक्टर म्हणाले, लहान मुलांनाही होतो. कधी जन्मतः बारीक असतो आणि वाढत जातो. दिवा समोर आला की त्याच्याभोवती वलय दिसतं. काढता येतो. पण मुलांच्या बाबतीत उशीर चालत नाही. डोळा फार दिवस वापरात नसला की मेंदू त्याला सोडून देतो, मग वाट मोकळी करूनही तो नीट बघायला शिकत नाही. डाव्या डोळ्याने नक्की किती परत येईल, हे ऑपरेशननंतरच कळेल.

"तिने आधी काही सांगितलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

आबाच बोलले. "सांगे. रोज सांगे. आम्हीन दोन्हीसनी ऐकं नही."

दोघांनी. त्यांनी तर ऐकलं होतं. "पोर तिनं तीच सांगी ऱ्हायनी," असं मला कळवलंही होतं.

सुरतेला लहान मुलांच्या डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत, तिकडे जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या वाटेवर चारू माझ्या मांडीवर झोपली. पुढच्या सीटवरून आबांनी सवयीने सुरुवात केली, "चारू, तुन्ही मम्मीले सांग..." आणि थांबले. निरोप नेणारं कोणी जागं नव्हतं. मग ते मागे न वळता म्हणाले,

"सुरतना डॉक्टरनी चौकशी तू कर. ललित भोळा शे, कोनी बी गोड बोलनं की भुलस. तू जशी फिल्म फाडस ना, तशी फाड."

मी ते काम अगदी मनापासून केलं. ज्यांची नावं मिळाली त्या सगळ्यांना फोन लावले, ललित आणि चारूला घेऊन दोघांना भेटून आले. पहिल्याच्या भिंतीवर स्वतःचेच फोटो, सत्काराच्या शाली, आणि आम्ही बसायच्या आत त्यांच्या यशाची चित्रफीत सुरू. ललित भारावले. मी मनात म्हटलं, वाजंत्री. दुसऱ्या बाईंनी चारूशी आधी बाहुलीबद्दल गप्पा मारल्या. मग मला म्हणाल्या, मी खात्री देत नाही, प्रयत्न करीन, आणि त्यानंतरचं वर्षानुवर्षांचं काम तुमचं आहे, चांगला डोळा रोज झाकून या डोळ्याला कामाला लावायचं, ती रडेल, तुम्ही रडायचं नाही. आम्ही त्यांच्याकडे गेलो.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. खोलीत ललित, मी आणि आबा. सासूबाई बाहेर बाकावर, डोळे मिटून. आबा लॉजवर अंधारातच उठून आवरून बसले होते. रात्रभर झोपले नसावेत. आम्ही चारूला घेऊन तिथून एकत्रच रिक्षाने आलो, एकत्र चहा घेतला, आणि कोणी कोणाकडे नीट बघितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पट्टी उचलली, डोळा पुसला, चारूला अंगाला टेकवून बसवलं आणि तिचा उजवा डोळा आपल्या तळव्याने झाकला.

ललितना राहवेना. "चारू, मम्मी दिसते ना बेटा?"

"हाव," चारू म्हणाली.

ललितच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. तो हाव मी ओळखत होते. सगळी मोठी माणसं वाकून उभी आहेत, त्यांना काय ऐकायचंय ते पोरांना बरोबर कळतं. हिरवी माणसंसुद्धा दिसली होती तिला.

आबा पुढे सरकले, त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते मागे सरकले. मग मी चारूच्या समोर नाही, बाजूला जाऊन उभी राहिले आणि फक्त एवढंच विचारलं,

"काय दिसतं?"

तिने मान सरळ ठेवली होती. कलती नाही, सरळ. तो एक डोळा लाल, पाणावलेला. तो हळूहळू खिडकीकडे गेला, पडद्यावर गेला, तिथून आबांवर आला आणि तिथेच थांबला. कपाळाला बारीक आठी पडली.

"आबाना सदरानं बटन चुकनं शे."

आबांनी खाली बघितलं. ललितनी बघितलं. मी बघितलं. वरचं बटन दुसऱ्या काजात, दुसरं तिसऱ्यात, आणि गळ्याशी सदरा एका बाजूने वर चढलेला. सकाळपासून आम्ही सगळे त्यांच्यासोबत होतो, कोणालाही दिसलं नव्हतं.

"खरं सांगस पोर," आबा मला म्हणाले, आणि बटनं सोडायला लागले.